मणक्यातली ‘चिप’ आणि हातापायांचं दुखणं: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत हा एकच मेसेज मला पाच-सहा पेशंटनी पाठवलाय. ‘मणक्यात छोटी चिप बसवा, हातापायांचं कसलंही जुनाट दुखणं मुळापासून नाहीसं. ऑपरेशन नाही, धोका नाही. गोळ्या दुसऱ्या दिवशी बंद. एकदा बसवली की आयुष्यभर बघायला नको.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. परवा एक काकू हा मेसेज मोबाइलवर उघडूनच आत आल्या. वीस वर्षांचा मधुमेह आणि दोन्ही तळपायांची आग. पायाला चादर लागलेली सोसत नाही म्हणून ऐन थंडीतही त्या पाय पांघरुणाबाहेर ठेवून झोपतात. ‘ताई, एफडी मोडू का?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आधी हे सांगते की उपचार खरा आहे. त्याला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणतात. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं आणि ते लोटून घेता येतं. त्याच विचारातून १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिलं उपकरण माणसाला बसवलं. ती काही चिप नव्हे. पाठीच्या कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात आणि कमरेखाली कातडीच्या आत बॅटरी ठेवतात. तारांतून विजेचे हलके ठोके जात राहतात.

आता ‘मुळापासून’. बिघडलेली नस बिघडलेलीच राहते, फक्त तिचा निरोप मंद होतो. हात किंवा पाय सुजून, लाल होऊन नुसत्या फुंकरीनेही ठणकतो अशा एका आजारावर (सीआरपीएस) नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांची चाचणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. ज्या गटासाठी हे उपकरण ठरवलं होतं, त्यात सहा महिन्यांनी वेदना दहापैकी सरासरी २.४ने उतरली, नुसत्या फिजिओथेरपीवर जवळजवळ हललीच नाही. हातापायांचं काम मात्र सुधारलं नाही. पाच वर्षांनी तर दोन गटांतला वेदनेचा फरकही ठळक उरला नव्हता. ज्याला रोज रात्री ठणका लागतो त्याला काही वर्षांचा उतार फार मोलाचा असतो, हे मी रोज बघते. पण त्याला बरं होणं म्हणू नये.

‘कसलंही दुखणं’ हे तर सरळ चूक. झिजलेला गुडघा किंवा टाचदुखी यासाठी हे उपकरण नाही. आग होणं, करंट बसणं, सुया टोचणं असं ज्याचं वर्णन पेशंट करतात, त्या नसांच्या वेदनेसाठी ते आहे. कुठला उपचार कुणाला द्यावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ मध्येच अटी घातल्या: वेदना शंभरपैकी निदान पन्नास, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने टिकलेली, आणि ट्रायलमध्ये, म्हणजे आधी तात्पुरतं लावून पाहताना, फरक पडलेला.

काकूंसारख्यांसाठी आशेला जागा आहे. मधुमेहातल्या पायांच्या वेदनेवर २०२१ मध्ये २१६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी उपकरणवाल्यांत ७९ टक्के जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. फक्त औषधांवर असलेल्यांत ५ टक्के जणांची. फरक मोठा आहे. पण खर्च उपकरणाच्या कंपनीचा होता, आणि आपल्याला उपकरण बसवलंय की नाही हे प्रत्येक रुग्णाला माहीत होतं. दुसरीकडे नॉर्वेत पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्या ५० जणांवर रुग्णांना न कळवता उपकरण आळीपाळीने चालू-बंद ठेवून पाहिलं (२०२२), तेव्हा चालू आणि बंद यांत फरकच दिसला नाही. तिथे ठोक्यांची पद्धत वेगळी होती आणि आजारही वेगळा. तरी हे दोन्ही निकाल शेजारी ठेवल्याशिवाय एफडी मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

‘ऑपरेशन नाही’ म्हणणाऱ्याने ट्रायल पाहिलेलीच नसावी. आधी सुईवाटे तारा आत घालतात, त्यांची टोकं पाठीवर चिकटपट्टीने बांधलेली आणि बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. साधारण आठवडाभर वाकायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, तार सरकते. फरक पडला तरच ऑपरेशन थिएटरमध्ये कायमची बॅटरी. तारा सरकणं, तुटणं आणि जंतुसंसर्ग हे नेहमीचे धोके, आणि साखर वाढलेली असेल तर संसर्गाची भीती जास्त. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या पायदुखीवर १०० रुग्णांची एक जुनी चाचणी आहे, २००७ची. तिच्यात फायदाही चांगला दिसला होता, पण वर्षभरात जवळजवळ तिघांत एकाला उपकरणामुळे काही ना काही त्रास झाला.

गोळ्यांबद्दल थोडक्यात: प्रीगाबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या एकदम थांबवू नका, त्रास होतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आणि ‘बघायला नको’? बॅटरी चार्ज करावी लागते किंवा काही वर्षांनी ऑपरेशन करून बदलावी लागते. एमआरआयआधी उपकरणाचं मॉडेल दाखवावं लागतं. माझ्या खोलीत डायथर्मीचं शेकायचं मशीन आहे, ते अशा पेशंटला कधीच लावायचं नाही. तारा तापून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून उपकरणाचं कार्ड पाकिटात ठेवा आणि कुठल्याही फिजिओकडे गेलात तर शेकायच्या आधी दाखवा.

काकूंना मी वेदनातज्ज्ञांकडे पाठवलंय. एफडी अजून मोडलेली नाही. आधी साखर आटोक्यात आणायची, मग ट्रायल करायची की नाही ते ठरेल. केलीच, तर त्या आठवड्यात काय काय बघायचं याची यादी त्यांनी स्वतःच वहीत लिहिलीय. पहिलीच ओळ आहे: ‘रात्री पायावर चादर घेऊन बघणे.’