व्होल्टेज उतरलं की गीझर जास्त करंट ओढतो? उलट आहे

थंडीत फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. २००० वॅटच्या गीझरला २३०ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर करंट ८.७वरून ११.१ अँपिअरवर जातो. बिल वाढतं, कॉइल जळते. स्टॅबिलायझर लावा. मल्टिमीटरने रोध मोजला की खरी पॉवर कळते.’

‘करंट ११.१ होतो.’ सूत्र बरोबर, पण २००० हा आकडा स्थिर धरला तिथेच गणित फसलं. पाटीवरचे २००० वॅट फक्त २३० व्होल्टला खरे. स्थिर असतो तो कॉइलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा: २३० × २३० ÷ २००० = २६.५ ओहम. नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार तापली तरी हा आकडा जेमतेम हलतो. मग १८० व्होल्टला करंट १८० ÷ २६.५ = ६.८ अँपिअर आणि पॉवर सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के उतरलं, तर पॉवर ३९ टक्के पडली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते.

‘बिल वाढतं.’ १५ लिटर पाणी २०वरून ५५ अंशांवर न्यायला ०.६१ युनिट लागतं, व्होल्टेज काहीही असो. २३०ला १८ मिनिटं, १८०ला ३० मिनिटं. जादा १२ मिनिटांत टाकीतून जाणारी उष्णता अगदी किरकोळ.

‘कॉइल जळते.’ कमी व्होल्टेजने नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार तिच्यावर बसतात, उष्णता बाहेर पडत नाही, मग ती जाते. टाकी रिकामी असताना चालू केली तरी जाते. सॉकेट काळं पडत असेल तर कारण वेगळं: ढिल्या जोडणीत अर्धा ओहम रोध आला, तरी ८.७ × ८.७ × ०.५, म्हणजे ३८ वॅट उष्णता त्या पिनेपाशीच. सोल्डरिंगचं साधं आयर्नसुद्धा २५ वॅटचं असतं! १६ अँपिअरचं सॉकेट लावा आणि स्क्रू आवळा.

मेसेजमधली भीती मोटरबाबत मात्र खरी आहे. शेतपंपावर पाण्याचा भार तोच राहतो. व्होल्टेज उतरलं की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वर्गाने घटतो, स्लिप वाढते (मोटर ठरलेल्या वेगापेक्षा मागे पडते), करंट चढतो आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, तापून जळतं. इन्व्हर्टर एसीही व्होल्टेज पडल्यावर जास्त करंट घेतो. गीझर या जातीतला नाही.

‘मल्टिमीटरने रोध मोजा.’ गीझरला चालतं: प्लग काढा, पाणी गार असताना स्विच चालू ठेवून जाड अर्थ पिन सोडून उरलेल्या दोन पिनांमध्ये मोजा, २६च्या आसपास आकडा यावा. पण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो. त्यावरून हिशेब केला तर १३०० वॅट! पेटल्यावर फिलामेंटचा रोध ५२९ होतो. मोटरच्या वाइंडिंगचा रोध तर काही ओहमच असतो, त्यावरून पॉवर निघत नाही. तिथे चालू असताना टाँग टेस्टर (वायरला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) लावा, एकट्या फेजच्या वायरभोवती. दोन्ही वायरी घेतल्या तर शून्य दिसेल. आलेल्या करंटला व्होल्टेजने गुणा आणि पॉवर फॅक्टरनेही (या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर आहे ते सांगणारा आकडा): २३० × ७ × ०.८ = १२८८ वॅट.

राहिला स्टॅबिलायझर. तो १८०चे २३० करून गीझरला पूर्ण २००० वॅट पुरवतो, म्हणजे लाइनमधून २००० ÷ १८० = ११.१ अँपिअर खेचतो, शिवाय स्वतःचा तोटा वेगळाच. मेसेजमधला आकडा खरा होतो तो त्याचाच सल्ला ऐकल्यावर.