डोळा फिरताना मेंदू नजर ‘बंद’ करत नाही

‘आरशात स्वतःचे डोळे फिरताना दिसत नाहीत, कारण तेवढा वेळ मेंदू नजर पूर्ण बंद करतो,’ असा मेसेज फिरतोय. पहिलं खरं, पुढचं कारण अर्धवट. डोळा सेकंदाला साधारण ३ वेळा उडी मारतो. त्या वेळी दृष्टी मंदावते, विझत नाही. धावत्या लोकलमधून शेजारच्या रुळांखालचे आडवे स्लीपर बघा. एरवी नुसता फराटा, पण नजर झटकन मागे गेली की क्षणभर एखादा स्लीपर लख्ख दिसतो. नजर बंद असती तर दिसला असता?

मग जग हलत का नाही? डोळ्याच्या स्नायूंना सोडलेल्या हुकमाची प्रत मेंदू स्वतःकडेही ठेवतो, म्हणजे डोळाच हलतोय, जग नाही, हे त्याला कळतं; हे एक मोठं कारण. एक डोळा मिटून दुसरा पापणीवरून बोटाने किंचित ढकला (जपून हं!). हुकूम सुटलेला नसतो, म्हणून अख्खी खोली सरकते.