नाचणारी गर्दी आणि डावा हात

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून नुसतं 'मताबद्दल धन्यवाद' म्हणून सुटत नाही. अ‍ॅरेंजर कीबोर्डवरच्या (डाव्या हातानं कॉर्ड दाबला की ड्रम, बेस, गिटारची साथ आपोआप देणारा कीबोर्ड; त्या तयार साथीला स्टाईल म्हणतात) रॉक स्टाईलबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यानं मुंबईच्या रंगभवनात आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव, ऐकलाय त्याला कुठल्याही कीबोर्डची रॉक स्टाईल पोरखेळच वाटणार, तेव्हा त्यात डावं-उजवं कसलं करायचं? पब्लिक नाचलं की स्टाईल चांगली. आणि मी हेडफोन लावून, कुणी कधी वाजवत नाही असे कॉर्ड दाबून निकाल दिला.

आधी नाचण्याचं. हळदीला, सोसायटीच्या गणपतीत मीही वाजवतो. एकदा स्टाईलमधले ड्रम सोडून बाकीच्या वाद्यांचे सगळे चॅनल बंद करून बघा, कुणाचे पाय थांबणार नाहीत. (गाणं ओळखीचं असेल तर ड्रमही बेताचेच लागतात.) म्हणजे नाचणारी गर्दी किकची (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची) आणि टेम्पोची पावती देते. गिटार आणि बेस काय करताहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं, आणि रॉक स्टाईल फसते ती तिथंच.

रंगभवनाचं म्हणाल तर १९८६ पासून आय-रॉकला जे घडलं त्याच्याशी स्टाईलची तुलना मी केलेलीच नाही. स्टाईलकडून माझी मागणी साधी आहे: डाव्या हातानं मी जे दाबेन ते ऐकून मागच्या चौघांनी बँडसारखं वागावं. ते वागतात की नाही हे तपासता येतं.

आता त्या 'कुणी न वाजवणाऱ्या' कॉर्डकडे. मी दाबला होता फक्त सा आणि प. रॉक गिटारिस्टचं निम्मं आयुष्य याच दोन सुरांत जातं, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या इफेक्टमधून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर जन्माला येतात. सा म्हणून ११० हर्ट्‌झचा ए आणि प म्हणून साधारण १६५चा ई घेतला तर फरक ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला ए. आवाज भरदार होतो. त्यात १३८.६चा सी शार्प, म्हणजे कीबोर्डचा गंधार, घाला: ए-शी फरक २८.६, ई-शी २६.२. दोन्हीकडे २७.५ यायला हवा होता, तो कुठंच येत नाही. खाली नुसता चिखल. तंबोऱ्यात आपण गंधाराची वेगळी तार लावत नाही, तो षड्जातून आपसूक ऐकू येतो. डिस्टॉर्टेड पॉवर कॉर्डमध्येही हेच होतं, आणि कीबोर्डचा थोडा चढा गंधार त्या स्वयंभू गंधाराशी भांडतो. म्हणून फिंगर्ड मोडमध्ये (दाबलेल्या सुरांवरूनच कीबोर्ड कॉर्ड ओळखतो तो मोड) सा-प दाबा आणि ऐका. गिटारनं गंधार सोडला, पण मागचे स्ट्रिंग्ज किंवा ऑर्गन तो अजून धरून बसलेत का? बसले असतील तर ती स्टाईल बनवणाऱ्यानं मेजर कॉर्डपलीकडे तपासलेली नाही.

डिस्टॉर्शन लागतं कुठं, हेही बघावं लागतं. जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मानलेल्या आवाजांच्या, यादीतली ३१ नंबरची डिस्टॉर्शन गिटार बहुतेक कीबोर्डवर आधीच डिस्टॉर्ट केलेल्या सॅम्पलची (रेकॉर्ड केलेल्या सुट्या सुरांची) असते. तिच्यावर तीन सूर दाबले की तीन वेगळ्या गिटारी एकेक सूर वाजवल्यासारख्या, ऑर्गनसारख्या वाजतात. साधी गिटार अ‍ॅम्पच्या इफेक्टमधून एकत्र गेली तर वर सांगितलेली सगळी गंमत घडते. शोरूममध्ये दोन्ही दणकट वाटतात, कारण डेमोत सुटा रिफ (एकेका सुराची, परत परत येणारी ओळ) असतो.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा यापेक्षा कंटाळवाणी आहे. स्टाईल चालू ठेवून सी, सी शार्प, डी असं अर्ध्या-अर्ध्या सुरानं वर चढत जा. कुठंतरी बेस अचानक एक सप्तक खाली उडी मारतो. ही उडी प्रत्येक स्टाईलमध्ये असते, प्रश्न ती कुठं आहे हा. एफ ते जी या रोजच्या रस्त्यावरच असेल तर रिफ तिथं मोडणार. गिटारचंही तसंच. गिटारिस्ट हाताचा आकार न बदलता मान धरून वर सरकतो. यामाहाच्या भाषेत हे 'रूट ट्रान्सपोज'. 'रूट फिक्स्ड'मध्ये सूर आधीच्या कॉर्डच्या जवळ राहतात, ते स्ट्रिंग्जना शोभतं, रॉकला नाही. २००८ला यामाहाच्या टायरॉस ३ या कीबोर्डसोबत गिटारसाठी वेगळा नियम असलेला फॉरमॅट आला तो याच दुखण्यावर.

कॉर्ड समेच्या अर्धी मात्रा आधी बदलूनही बघा, रॉकमध्ये सर्रास बदलतो. चांगल्या स्टाईलमध्ये बेस तिथंच नव्या सुरावर येतो, वाईटमध्ये जुनाच सूर लोंबकळतो. मेन ए ते डी, म्हणजे एकाच स्टाईलच्या साध्यापासून भरगच्चपर्यंतच्या चार पायऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की ए-मध्ये तारा तळव्यानं दाबून वाजवलेली गिटार आणि डी-मध्ये मोकळी, असा फरक हवा. नुसते स्ट्रिंग्ज वाढवले तर ती तीच स्टाईल जास्त गर्दीत वाजते.

हेडफोनचा तुमचा आक्षेप मात्र कामाचा आहे, फक्त तो उलट्या दिशेनं लागतो. मांडवात साऊंडवाला आपल्याकडून बहुधा एकच वायर घेतो. डाव्या-उजव्या कानात पसरलेल्या दोन गिटारी मोनोत (एकाच वायरीत) एक होतात आणि कधीकधी पार विरून जातात. म्हणून हेडफोनवर आवडलेली स्टाईल मी एकाच स्पीकरवरही ऐकतो. लेखात कमी गुण दिलेल्या दोन स्टाईल तिथंच पडल्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पेनड्राइव्हवर मिळालेल्या स्टाईलमध्ये गिटारच्या जागी खरखर आणि चिरके सूर का येतात. त्या वरच्या मॉडेलच्या आहेत. तिथल्या मेगा व्हॉइस नावाच्या आवाजांमध्ये किती जोरात वाजलं यावरून दाबलेली, मोकळी, घसरती अशी गिटार बदलते, आणि तारांची खरखर अगदी वरच्या पट्ट्यांवर ठेवलेली असते. तुमच्या कीबोर्डवर तो आवाज नसल्यानं ती खरखर सूर म्हणून वाजते. त्या चॅनलला साधी ओव्हरड्राइव्ह गिटार लावा, वरच्या टोकाचे सूर स्टाईल क्रिएटरमध्ये (कीबोर्डवरच्या स्टाईल बदलायच्या सोयीत) पुसा आणि मग पुन्हा सा-प दाबून बघा.