चेंबरशेजारचा गाळ

मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या गल्लीत पावसाळापूर्व कामासाठी चार माणसं आली. दोघांनी पहार घालून पावसाळी चेंबरचं झाकण उचललं, एक जण कमरेएवढ्या खड्ड्यात उतरला आणि फावड्याने गाळ घमेल्यात भरून वर देऊ लागला. काळाकुट्ट गाळ. वरच्या थरात गुटख्याच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या, थर्माकोल, आणि खाली तळाशी सगळा कच, खडी आणि सिमेंटचे घट्ट झालेले गोळे. दुपारपर्यंत सहा चेंबर झाली. प्रत्येक चेंबरच्या कडेला गुडघाभर ढीग. झाकणं बसवली, मोबाईलवर फोटो काढले आणि माणसं पुढच्या गल्लीत गेली.

ढीग तिथेच राहिले. फोन केला तर उत्तर मिळालं, "ओला गाळ लगेच उचलता येत नाही हो, जरा सुकू द्या." यात खोटं काही नाही. ओला गाळ गाडीत भरला तर रस्ताभर गळत जातो. एक दिवस, दोन दिवस ठीक आहे. पण आठवडा उलटला तरी ढीग हलले नाहीत. दुचाक्या त्यावरून गेल्या, कुत्र्यांनी उकरलं, सुकलेली माती वाऱ्याने घराघरांत आली. नवव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला. मी गॅलरीत उभा होतो. अर्ध्या तासात त्या सहा ढिगांतला निम्मा तरी गाळ माझ्या डोळ्यांदेखत जाळीतून परत आत गेला.

माझा राग त्या चार माणसांवर नाही. भर उन्हात घाणीत उतरून त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी स्वतः ३१ वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो. खोदाई, गटारं, रस्ते, सगळं केलंय. त्यामुळे पाणी कुठे मुरतं ते मला ठाऊक आहे. ते मोजमापात मुरतं. गाळ काढायच्या कामाच्या आयटममध्ये "काढणे, भरणे, वाहून नेऊन टाकणे" असं सगळं लिहिलेलं असतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक कामांत टेप लागायचा तो चेंबरच्या खोलीला किंवा कडेच्या ढिगाला. तिथे आकडा एमबीत, म्हणजे बिलासाठीच्या मोजमाप वहीत, चढला की काम झालं. पुढे तो ढीग डंपरमध्ये गेला की पावसात, याच्याशी बिलाचा संबंध राहत नाही. असे ढीग मीही मोजले आहेत आणि खाली सहीही केली आहे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आता एक गोष्ट, जी शिकल्यासवरल्या माणसांनाही अनेकदा माहीत नसते. रस्त्याखालून दोन वेगळ्या लाइन जातात. एक घरातल्या मैलापाण्याची, म्हणजे आपण जिला ड्रेनेज म्हणतो ती. दुसरी पावसाळी. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, निदान जायला हवं. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांचा जो प्रकल्प हाती घेतला, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा, तो या पहिल्या लाइनसाठी. पावसाळी लाइनच्या शेवटी कुठलंही केंद्र नाही. जाळीत जे पडलं ते जसंच्या तसं ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. मध्ये साधी चाळणीसुद्धा नाही.

आमच्या गल्लीचं पाणी आंबिल ओढ्याला मिळतं, ओढा मुठेला. संगमावर मुठा मुळेला भेटते, पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत जाते, भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला पुण्यातून पालख्या जातात तेव्हा आपण दुतर्फा उभं राहून वारकऱ्यांच्या पाया पडतो. ती माणसं जिथे स्नान करतात तिथवर ही आपल्या जाळीची वाट जाते. मला हा विचार गेल्या वर्षी पालखी बघताना आला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

नदी घाण झाली की आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो, नाल्यात पिशवी भिरकावणाऱ्याकडे दाखवतो. दोन्ही बरोबर आहे. पण सार्वजनिक देखभालीचं काम, जे आपल्याच करातून आणि आपल्याच सोयीसाठी चालतं, ते करतानाही वर्षभर या जाळ्यांत काय काय जातं याबद्दल कुणी बोलत नाही. डांबरी रस्त्याचं पॅचवर्क कधी जवळून बघा. डांबर चिकटू नये म्हणून फावड्यांना, घमेल्यांना, गाडीच्या हौद्याला डिझेल चोपडतात. काम संपल्यावर अवजारं डिझेलनेच धुतात आणि ते रस्त्याच्या कडेला ओततात. रस्त्याची कड म्हणजे उताराची बाजू, म्हणजेच जाळी. खड्ड्यात आधी जे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारतात ते नीट सुकायच्या आत सर आली तर तपकिरी ओघळ धरून थेट खाली जातं. आभाळ भरून आलेलं दिसत असताना हे काम काढायचंच नसतं, पण तारीख गाठायची असते.

सगळ्यात जास्त नुकसान मी काँक्रीटमुळे झालेलं पाहिलंय. गल्ली काँक्रीटची करताना आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी येते, माल ओतून झाला की तिथेच कोपऱ्यावर पन्हाळ धुते. दुधासारखं पांढुरकं पाणी जाळीत जातं. आपण म्हणतो, सिमेंटचंच तर पाणी आहे. अहो, त्या पाण्याचा सामू (पीएच), म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, १२ च्या आसपास असतो. साध्या पाण्याचा ७. बिगारी लोकांच्या बोटांची साल या पाण्याने निघते, मी रोज बघायचो, खोबरेल तेल लावून परत कामाला लागायचे. ओढ्यातल्या माशाला, बेडकाला लपायला कुठे जागा आहे? आणि पाण्याबरोबर जे सिमेंट जातं ते पाइपात बसून दगड होतं. जेटिंगच्या, म्हणजे पाइप साफ करायला जोरात मारलेल्या पाण्याच्या, प्रेशरनेही ते सुटत नाही. यंदा आमच्या चेंबरमधून निघालेले गोळे दोन वर्षांपूर्वीच्या काँक्रीटीकरणाचे होते, हे मी पैजेवर सांगेन.

झाडणकामाचंही तसंच. आमच्याकडे रोज पहाटे येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं, पाला जाळीपाशी का लोटता? त्या म्हणाल्या, "काका, ढकलगाडीचं चाक दोन महिने झाले मोडलंय. पोत्यात भरून डोक्यावर पालिकेच्या कोठीपर्यंत नेते मी. सगळं कसं मावंल त्यात?" यावर मी काय बोलणार? रस्त्यावरच्या त्या बारीक काळ्या मातीत टायरची झीज असते, ब्रेकची भुकटी असते, गाड्यांचं गळलेलं ऑइल असतं. पहिल्या दोन-तीन पावसांत ओढ्याचं पाणी जे शाईसारखं येतं ते त्याचंच. हे सगळं नदीत जाण्यापासून थांबवणारी शहरातली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे त्या ताईंची ढकलगाडी, आणि तिचं चाक दुरुस्त व्हायला दोन महिने लागतात.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या २०१६ च्या राडारोडा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की राडारोड्याने गटारं अडता कामा नयेत, आणि रस्ते खोदणाऱ्या सेवा यंत्रणांनी व त्यांच्या ठेकेदारांनी शक्य असेल तर रोजच्या रोज राडारोडा उचलून जागा साफ करावी. अमेरिकेत १९९९ च्या नियमापासून लहान शहरांनाही पावसाळी पाण्याच्या परवान्यात सहा गोष्टी बंधनकारक आहेत. त्यातली एक फक्त एवढ्यासाठी आहे की पालिकेने स्वतःच्या देखभालीच्या कामांतून होणारं प्रदूषण रोखायचं आणि त्यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं. मला हे फार पटलं. दंडाच्या पावत्या फाडणाऱ्याने आधी आपलं अंगण बघायचं, हे त्यांनी कायद्यातच घालून ठेवलंय.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आंबिल ओढ्याकाठचं कुणी विसरलेलं नाही. त्या पुराला एकट्या गाळाला जबाबदार धरणं चूक होईल. पाऊस तसा होता, आणि ओढ्याचं पात्रही आपणच आवळत आणलेलं. पण दर उन्हाळ्यात काढलेला गाळ दर पावसाळ्यात परत आत जाणार असेल तर पाण्याला जागा कुठून मिळणार?

हे जमू शकतं, आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत. मागच्या आठवड्यात शेजारच्या रस्त्यावर पाण्याच्या लाइनसाठी खोदाई सुरू झाली. मी मुकादमाला म्हटलं, "दादा, मातीचा ढीग जाळीच्या वरच्या अंगाला नको, खालच्या अंगाला टाका. आणि जाळीभोवती चार गोणी लावा." तो आधी वैतागला. मग मी जुना माणूस आहे हे त्याच्या लक्षात आलं. कचाने भरलेल्या पाच गोणी त्याने अर्धगोलात लावून घेतल्या. संध्याकाळी पाण्याची लाइन फुटली, रस्ता भरून वाहिला. पाणी गोणींमधून झिरपून गेलं आणि मागे अडलेली माती आम्ही मोजली. अकरा घमेली. ती सगळी जाळीत गेली असती. पाऊस लागला की मात्र त्या गोणी उचलायच्या, नाहीतर रस्त्यावरच तळं होईल, हेही त्याला सांगून ठेवलंय.

मी पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायला अर्ज लिहिलाय. मागण्या तीनच. गाळाचं बिल चेंबरपाशी मोजून नको, टाकायच्या जागेवरच्या वजनकाट्याच्या पावतीवर द्या, आणि ४८ तासांत ढीग उचलला नाही तर त्या चेंबरचे पैसे कापा. प्रत्येक खोदाईच्या आणि काँक्रीटच्या कामात जाळीभोवतीच्या गोणी आणि गाडी धुवायचा खड्डा हे वेगळे आयटम म्हणून घाला, म्हणजे ठेकेदाराला त्याचे पैसे मिळतील आणि तो ते करेल. फुकटात कुणी करत नाही, मीही केलं नसतं. तिसरी मागणी ढकलगाडीच्या चाकाची आहे. रविवारी सकाळी ८ ते १० मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर अर्ज घेऊन बसेन. आतापर्यंत २३ सह्या झाल्या आहेत, पहिली झाडणाऱ्या ताईंची.