किती मारले, असं विचारणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

कॉलनीच्या कार्यक्रमात आमच्या गल्लीतल्या एका काकांचा सत्कार होता. उभं आयुष्य सैन्यात काढलं त्यांनी, डॉक्टर म्हणून. शाल-श्रीफळ झालं आणि मंडळातल्या एका पोरानं माइक पुढे करून विचारलं, "काका, तुम्ही किती मारले?" काका म्हणाले, "बाळा, मी डॉक्टर होतो. माझं काम वाचवायचं." त्यावर तो, "अच्छा, म्हणजे प्रत्यक्ष लढाईत नव्हता तुम्ही." लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं. काका हसत खाली येऊन बसले. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली.

आर्थर मार्टिन-लीक या ब्रिटिश डॉक्टरचं नाव त्या पोरानं ऐकलेलं नसणार. नागपूरकरांनी तरी ऐकायला हवं, कारण हा माणूस बीएनआरचा डॉक्टर. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेचं नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, तिचाच. रेल्वेत येण्याआधी तो बोअर युद्धात होता, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या लढाईत. गेला तो साधा घोडेस्वार म्हणून, हातात डॉक्टरकीची पदवी असताना. पुढे दक्षिण आफ्रिकी कॉन्स्टेब्युलरीत, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलिस दलात, सर्जन-कॅप्टन झाला. 8 फेब्रुवारी 1902, व्लाकफॉन्टेन. शंभर यार्डांवरून चाळीसेक बोअर गोळ्या झाडताहेत आणि हा एका जखमी शिपायाची मलमपट्टी करतोय. तिथून उठून एका जखमी अधिकाऱ्याकडे गेला. त्याला नीट आडवा करताना स्वतःला तीन गोळ्या लागल्या, तरी पार गळून कोसळेपर्यंत हात थांबवला नाही. त्या जागी आठ माणसं होती, आठही जखमी. पाणी आलं तेव्हा बाकी सगळ्यांना मिळेपर्यंत हा प्यायला नाही. हे त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे शौर्यासाठीच्या ब्रिटनच्या सर्वोच्च पदकाच्या, अधिकृत नोंदीत लिहिलेलं आहे.

पाण्याचं वाचलं की मला माझी आई दिसते. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. एका मे महिन्यात वऱ्हाडाचा ट्रक उलटला आणि रात्रभर माणसं येत राहिली. आई दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली, चप्पलसुद्धा न काढता माठापाशी गेली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली. नागपूरचा मे महिना! मी रागावलो तर म्हणाली, "अरे, वेळच नाही झाला." बस, एवढंच.

तर मार्टिन-लीक. जखमा भरल्यावर त्यानं 1903 मध्ये एफआरसीएस ही सर्जनची वरची पात्रता मिळवली आणि मग हिंदुस्थानात रेल्वेची नोकरी धरली. 1912 मध्ये बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा रेड क्रॉसबरोबर माँटेनेग्रोत जाऊन आला. 1914 ला पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा वय चाळीस, छातीवर सर्वोच्च पदक, कुणी बोलावलंही नसतं. तरी गेला. 29 ऑक्टोबर ते 8 नोव्हेंबर, बेल्जियममधल्या झोनेबेकजवळ, शत्रूच्या खंदकांना लागून पडलेले जखमी सतत गोळीबार सुरू असताना उचलून आणत राहिला. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस! हे पदक दोनदा मिळवणारे आजवर तीनच, त्यांतला हा पहिला. आणि त्या तिघांतले दोघं सैन्यातले डॉक्टर. मंडळाच्या पोरांनो, पुन्हा वाचा. तिघांतले दोघं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येईलच की गोऱ्याचं कसलं कौतुक. बरोबर आहे, ते बोअर युद्ध साम्राज्याच्या हावेचं होतं, बोअर बायका-मुलं ब्रिटिशांच्या छावण्यांत हजारोंनी मेली आणि हा त्याच बाजूचा होता. मान्य. पण त्याच युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या सुमारे 1100 हिंदी माणसांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं, स्ट्रेचरवरून जखमी वाहून न्यायला. त्यांनाही विचारणार का, किती मारले?

बंदूक चालवणाऱ्याला मी कमी लेखत नाही. कसा लेखेन? पण त्याच्या हातात निदान बंदूक असते. हा माणूस हातात पट्ट्या घेऊन गोळ्यांत शिरतो, आणि तो लढाईत नव्हता म्हणे!

आईला निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी चाफ्याचा गजरा दिला होता. बाकी कुणी काही नाही. त्या रात्रीत किती जगले, हे तिला कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, मला तेव्हा फक्त तिनं वेळेवर जेवावं एवढंच वाटायचं. हे लिहिताना राग थोडा उतरलाय. तो पोरगा वाईट नाही, आमच्यासमोर वाढलाय. त्याला शूर म्हणून आपणच जे दाखवत आलो, तेच त्यानं विचारलं.

म्हणून मंडळाला सांगणं आहे. प्रजासत्ताकदिनाला काकांना पुन्हा बोलवा. सूत्रसंचालन मी करतो. त्यांना अर्धा तास द्या, मध्ये कुणी माइक ओढू नका. आणि ज्याला प्रश्न विचारायचाय त्यानं विचारावं, की काका, पहिला जखमी तुमच्याकडे आला तेव्हा काय झालं होतं? मला तरी ते ऐकायचंय.