आधी छप्पर, मग औषध

गेल्या पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या पुलाखाली राहणाऱ्या एकाला घेऊन मी व्यसनमुक्ती केंद्रात गेले होते. वय पस्तिशीचं. पायाची जखम चिघळलेली, वरून दुधाची पिशवी बांधलेली. स्वतःहून म्हणाला होता, "ताई, पावडर सोडायचीय." केंद्रात पहिला प्रश्न, "नातेवाईक कोण?" दुसरा, "आधार कार्ड?" तिथून रात्रनिवाऱ्यात गेलो, तर नशा करणाऱ्याला आत घेत नाहीत. रात्री नऊला तो परत पुलाखाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

"गर्दुल्ल्यांना उचलून आत टाका" असं म्हणणाऱ्यांनो, कायदा तेच करतोय. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गर्द, म्हणजे हीच पावडर, ओढल्याबद्दल वर्षभराची कैद होऊ शकते. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला नाही. पण दारातच नातेवाईक विचारले, तर त्याने हे कलम वापरायचं कसं? भीक मागितली तर १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली शिक्षेची कलमं तिथल्यापुरती रद्द केली. आपल्याकडे ती अजून आहेत.

गर्दवर औषध आहे हो! ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी हे औषध देणाऱ्या केंद्रात, रोज जायचं, नर्ससमोर घ्यायची. रोज, हीच गोम आहे. ज्याला आज या स्टेशनवरून हाकलतात, उद्या त्या, ज्याचं गाठोडं झोपेत चोरीला जातं, तो रोज ठरल्या वेळी पोचणार कसा?

फिनलंडने २००८ पासून क्रम उलटा केला. आधी भाड्याच्या घराची किल्ली, तीही व्यसन सुटण्याची अट न घालता, उपचार त्यानंतर. घर फुकट नाही, भाडेकरार असतो, सरकारी भत्त्याचा आधार असतो. तिथले बेघर खूप कमी झाले. आपल्याकडे प्रत्येकाला फ्लॅट कुठून आणणार, मान्य. पण लाखभर शहरी वस्तीमागे १०० जणांचा एक निवारा हा केंद्र सरकारचाच निकष आहे. त्यातले थोडे तरी निवारे नशेतल्या माणसासाठी उघडे ठेवा. जखम धुणारी एक नर्स ठेवा, सकाळी तिथेच गोळी द्या.

आपल्या वॉर्डात निवारा किती जणांचा आहे, आणि पायाला पिशवी बांधलेला माणूस रात्री नऊला आला तर त्याला आत घेतात का, एवढं एकदा जाऊन विचारा. मीही विचारतेय.