त्या दिवसाला पुरे

आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मी मुलांना बायबलमधील निर्गमच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची, म्हणजे मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना अरण्यात देवाने रोज त्या-त्या दिवसापुरत्या दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगत होते, तेव्हा जेमतेम नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर करून विचारले, "टीचर, देवाने महिनाभराचा मान्ना एकदम का नाही दिला?" वर्गाची वेळ संपत आली होती, त्याचा आधार घेऊन मी प्रश्न पुढच्या रविवारवर ढकलला. खरे कारण वेळेचे नव्हते. हाच प्रश्न गेली तीन वर्षे मी स्वतः देवाला विचारत आहे, आणि ज्याचे उत्तर मला मिळालेले नाही ते मुलीला काय सांगणार होते?

माझ्या पतींचे दोन्ही मूत्रपिंड निकामी झाले आहेत आणि आठवड्यातून तीन वेळा, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, प्रत्येकी चार तास त्यांचे डायलिसिस होते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास न थांबता काम करतात. आमच्याकडे तेवढे सगळे काम यंत्राला बारा तासांत, तेही अर्धेमुर्धे, उरकावे लागते. या उपचाराचा सर्वांत कठीण भाग सुया टोचणे हा नाही, तर त्यातले काहीही साठवून ठेवता येत नाही हा आहे. आज रक्त कितीही स्वच्छ झाले तरी परवापर्यंत त्यात पुन्हा तेच साचते, शरीरात पाणी साठू लागते आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसून हातातल्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया घालून घ्याव्या लागतात. अरण्यातील इस्राएल लोकांनी उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात सकाळी किडे पडले, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला डायलिसिसच्या खोलीत बसून कळला.

आजारपणाच्या सुरुवातीला अनेक विश्वासू भावाबहिणींनी आमचे सांत्वन करताना एकच वाक्य वापरले: "देवाची काहीतरी योजना आहे." त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, परंतु या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे, हे आज लिहून टाकते. त्याला आधार म्हणून बहुतेक वेळा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन दिले जाते, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे वचन भिंतीवर लावण्याआधी त्याच्या अलीकडची दहा वचने वाचावीत, अशी माझी नम्र विनंती आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र आहे, आणि सत्तर वर्षे परत येता येणार नाही, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. याचा अर्थ, ते पत्र हातात घेऊन ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांनी ते हित स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसणार. मग त्यांनी त्या सत्तर वर्षांत करायचे काय? तेही पत्रातच आहे: घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. देवाने त्यांना योजनेचा तपशील दिला नाही. उद्या सकाळी उठल्यावर हातात घेण्याजोगे काम मात्र दिले.

मला वाटते, आपण विश्वास आणि खात्री या दोन गोष्टींची गल्लत करतो. साक्ष देण्यासाठी उभे राहिलेल्या माणसाकडून आपल्याला शेवट गोड झालेली कहाणी ऐकायची असते, आणि ज्याची कहाणी अजून मध्यावरच आहे तो मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. पहिले वर्षभर मी देवाकडे खात्रीच मागत होते: मूत्रपिंड प्रत्यारोपण होईल का, कधी होईल, एवढे एकदा कळू दे, मग मी कुरकुर करणार नाही. प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचे नाव आहे आणि त्यासाठी आम्ही आजही प्रार्थना करतो, परंतु तेव्हाची माझी प्रार्थना नीट पाहिली तर ती भरवसा ठेवण्याची नव्हतीच. भरवसा ठेवायची गरजच उरू नये, अशी ती मागणी होती. महिनाभराचा मान्ना मिळाला असता तर छावणीतल्या कोणालाही रोज पहाटे तंबूबाहेर येऊन जमिनीकडे पाहावे लागले नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे आळसाच्या बाजूने वळवले जाईल. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले आणि त्यामुळेच दुष्काळात लोक जगले. तेही देवाच्याच मार्गदर्शनाने झाले. साठवण करणे, विमा उतरवणे, डॉक्टरांचा सल्ला काटेकोर पाळणे यांत अविश्वास नाही. ज्या गोष्टी साठवता येतात त्या अवश्य साठवाव्यात. धीर मात्र साठवता येत नाही, आणि पुढच्या वर्षी लागणारी सहनशक्ती मला आजच हवी असा हट्ट धरला की आजच्यापुरती मिळालेलीही हातून निसटते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असे आपण म्हणतो. यातल्या "रोजची" या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील या प्रार्थनेखेरीज नव्या करारात कोठेही येत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ग्रीक भाषेतच लिहिणाऱ्या विद्वानालाही तो दुसरीकडे कोठे आढळला नाही, म्हणून शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा असे त्याने म्हटले. आजची, येणाऱ्या दिवसाची, जगण्यास आवश्यक तेवढी, असे त्याचे निरनिराळे अर्थ लावले जातात आणि वाद अजून मिटलेला नाही. इतकी शतके मंडळी ज्या शब्दाने रोज मागत आली, त्याचा नेमका अर्थ ठरलेला नाही आणि तरीही तिने मागणे थांबवले नाही, याचे मला हल्ली कौतुक वाटते. "मान्ना" हे नावसुद्धा "हे काय आहे?" या प्रश्नावरूनच पडले. चाळीस वर्षे ते लोक एक प्रश्नच खात होते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आपल्या मराठी शास्त्रातला "पुरे" हा साधा शब्द. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो, "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." आणि ज्या त्रासाला प्रेषित पौल "शरीरातला काटा" म्हणतो तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "माझी कृपा तुला पुरे आहे." मूळ ग्रीकमध्येही या दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. दुःखाचे माप आणि कृपेचे माप एकाच शब्दाने सांगितले आहे, हे लक्षात आल्यावर मी कितीतरी वेळ शास्त्र उघडे ठेवून बसून होते. काटा निघाला, असे मात्र तिथे कोठेही लिहिलेले नाही.

जीवनाला अर्थ आहे का, हा प्रश्न मला पूर्वी फार मोठा वाटत असे आणि त्याचे उत्तरही तेवढेच मोठे असेल, अशी माझी समजूत होती. आता तो मला सकाळी वजनकाट्यापाशी भेटतो. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत किती पाणी साठले हे वजनावरून कळते, म्हणून रोज सकाळी पतींचे वजन करून मी ते एका वहीत लिहिते आणि त्याखाली एका ओळीची प्रार्थना लिहिते. काही दिवशी ती ओळ उपकारस्तुतीची असते, काही दिवशी उघड भांडणाची असते, आणि स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते हे ठाऊक असल्यामुळे भांडणाच्या ओळी मी खोडत नाही. मंडळीतील एक भगिनी दर शनिवारी त्या चार तासांत त्यांच्याजवळ येऊन बसते आणि मला घरी जाऊन झोपायला लावते. तिने आजवर एकदाही वचन सांगितलेले नाही. मरण मागत झुडुपाखाली झोपलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उठवले, तेव्हा उपदेश न करता खायला दिले आणि पुन्हा झोपू दिले, याची आठवण मला तिच्याकडे पाहून होते.

अरण्यात सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळत असे आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेला तो भाग नासत नसे. आमच्याकडे नेमके उलटे आहे. शनिवारनंतर थेट मंगळवार येतो, आणि रविवार-सोमवारचा हा लांबलेला खंडच सर्वांत जड जातो. सोमवारी संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, धाप लागते, बोलणे कमी होते. हे असे का, ते मला माहीत नाही, आणि गेल्या रविवारी मी त्या मुलीलाही एवढेच सांगितले की महिनाभराचा मान्ना का दिला नाही हे मला माहीत नाही. ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीत झालं की सांगा."

आज सोमवार आहे. सकाळचे वजन वहीत लिहून झाले आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या एक लिटर पाण्यापैकी दोनशे मिलिलिटर अजून शिल्लक आहे. ते त्यांनी रात्रीच्या गोळ्यांसाठी राखून ठेवले आहे.